बोटानं वाचण्याचे दिवस

२९ जुलै

नातीनं, मदिहानं, ही वही आणून दिली आणि म्हणाली, “डॉक्टरांनी सांगितलंय ना, हात चालू ठेवा म्हणून? मग लिहा की, नाना.” म्हणून लिहायला बसलो. आता ही वरची ओळ मला वाचता येत नाही. मीच लिहिली, शाई अजून ओली आहे, आणि बघतो तर नुसती मुंग्यांची रांग.

मी कुतुबुद्दीन शिकलगार, वय एकाहत्तर, राहणार रविवार पेठ. जन्मभर एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. पेपर छापायला जाण्याआधी अख्खा वाचायचा आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायच्या, हे माझं काम. या महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी दारातला पेपर उचलला तर तो कुठल्यातरी परक्या लिपीत. कानडी नव्हे, उर्दू नव्हे. बायकोला हाक मारली, “ताजबी, पेपरवाल्यानं काय टाकलंय बघ.” ती म्हणाली, “रोजचाच हाय की.” मी तिच्यावर ओरडलो. मग पेपरवाल्याला फोन लावून त्याच्यावरही ओरडलो. दुपारी दवाखान्यात होतो.

मेंदूचे डॉक्टर उदयसिंह, तरणाताठा माणूस. मेंदूच्या पाठीमागची एक रक्तवाहिनी बंद पडली म्हणाले. डोळे ठीक, बोलणं ठीक, माणसं ओळखतो. उजवीकडचं थोडं जग कापलं गेलंय, त्यामुळं दाराच्या चौकटीला खांदा धडकतो. आणि अक्षर दिसतं, पण लागत नाही. त्यांनी कागद दिला आणि काहीही लिहा म्हणाले. मी लिहिलं, ‘तुमच्या दवाखान्यातला चहा पाणचट आहे.’ त्यांनी मोठ्यानं वाचलं. नर्स हसली. मग तोच कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, “आता तुम्ही वाचा.”

मी कागद फिरवून फिरवून बघितला. मुंग्याच.

“डोळ्याकडून येणारा रस्ता बंद झालाय, काका. हाताचा शाबूत आहे.”

“नवा रस्ता होईल?”

“या वयात वेळ लागतो. पण होतो.”

एक फायदा मात्र आहे. या वहीत चुका असल्या तरी मला दिसणार नाहीत. जन्मात पहिल्यांदा बिनधास्त लिहितोय. घरात आम्ही दखनी बोलतो, पण इथं सगळ्यांना मराठीत बोलायला लावणार आहे. सवय.

८ ऑगस्ट

कृष्णात माझा शाळेपासूनचा दोस्त. म्हशी विकल्यापासून मोकळाच असतो. रोज सकाळी चहाच्या गाड्यावर मी पेपर वाचायचा आणि त्यानं प्रत्येक बातमीला शिव्या द्यायच्या, असा आमचा रिवाज. खरं काय झालंय ते त्याला सांगितलेलं नाही. चक्कर आली होती म्हटलं.

आज पेपर उघडला आणि बातम्या मनानंच सांगितल्या. पंचगंगेचं पाणी वाढलं. ऊसदरासाठी बैठक. मंत्री येणार. ऑगस्टात कोल्हापुरात याहून वेगळं काय घडतं? कृष्णातनं सगळं मान डोलावून ऐकलं, शिव्याही दिल्या. मधेच माझ्या हातातला पेपर काढून घेतला, उलटा फिरवला आणि परत दिला. म्हणाला, “वारं लई हाय रे.”

वारं मुळीच नव्हतं. म्हातारा होत चाललाय बिचारा.

२५ ऑगस्ट

मदिहा ही आमच्या सबिनाची मुलगी. सबिना आणि जावई गारगोटीला असतात. पोरगी नर्सिंगसाठी आमच्याकडं राहिली आणि शिकून झाल्यावर शाहूपुरीतल्या जपानी भाषेच्या क्लासला जाऊ लागली. तिकडं म्हातारी माणसं फार आणि सांभाळणारे हात कमी. पगार चांगला मिळतो.

आज येऊन म्हणाली, “नाना, मी जुलैच्या परीक्षेत नापास झाले.”

आत ताजबी भांडी आपटत होती. तिला लागलं असणार. पोरगी मात्र रडली नाही, जेवलीही पोटभर. मग माझ्याजवळ सरकून म्हणाली, “ती चित्रासारखी अक्षरं माझ्या डोक्यात राहात नाहीत. तुम्ही माझा अभ्यास घ्या.”

“मला माझीच अक्षरं लागत नाहीत, तुझी काय घेऊ?”

“जपानी तुम्हाला आधी तरी कुठं येत होतं? मग त्यात गमवायचं काय?”

मुद्दा बिनतोड होता.

३० ऑगस्ट

तिची अभ्यासाची रीत अजब. कार्ड समोर धरत नाही. माझं बोट धरते आणि टेबलावर फिरवते. एक आडवी, एक उभी, मग दोन्ही बाजूंना उतरत्या दोन रेघा. “हे झाड, नाना. आता तुम्ही काढा.” मी काढतो. “परत.” परत काढतो. दोन झाडं शेजारीशेजारी काढली की राई, तीन काढली की जंगल. दोन रेघा एकमेकींना टेकल्या की माणूस. माणूस झाडाला टेकला की विश्रांती! मी ताजबीला हाक मारून सांगितलं, “बघ, शहाणे लोक आहेत. विश्रांतीला झाड लागतं एवढं त्यांना कळलंय.”

एकच अक्षर पोरगी दहा-दहा वेळा काढायला लावते. कठीण आहे तिचं. पण मी धीर सोडणार नाही.

११ सप्टेंबर

मदिहा मला क्लासला घेऊन गेली. चालवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम बरीच वर्षं जपानात राहून आल्यात. मदिहाच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्या वर्गाला म्हणाल्या, “ही आमची सगळ्यात हुशार मुलगी!” बाईंचं मन किती मोठं. नापास पोरीला चारचौघांत असं म्हणायला काळीज लागतं.

मग त्यांनी एक गंमत सांगितली. तिकडची माणसं एखादं अक्षर आठवेना की हवेत किंवा तळहातावर बोटानं काढून बघतात. रस्त्यात उभी राहून, बसमध्ये बसून, कुठंही. कुणी हसत नाही. वय झालं की हातून अक्षरं आधी सुटतात, डोळ्याला ती पुष्कळ दिवस ओळखू येतात. सारखी दिसणारी अक्षरं म्हाताऱ्या माणसाला गोंधळात पाडतात, पण अख्खं वाक्य समोर असलं तर अंदाजानं बरोबर पार होतात.

“माझ्या तिकडच्या घरमालकीण आहेत, मोरिता आजी,” मॅडम म्हणाल्या. “चौऱ्याऐंशीच्या. पेपर घडाघडा वाचतात आणि साधं पत्र लिहायला बसल्या की हात थांबतो. फार मनाला लावून घेतात.”

मी म्हटलं, “मला वाचता येत नाही, लिहिता येतं. त्यांना वाचता येतं, लिहिता येत नाही. आम्हाला एकत्र शिवलं तर एक शहाणा माणूस तयार होईल.”

मॅडम हसल्या, मदिहाकडं बघितलं आणि आजींना फोनवरून निरोप धाडला.

२० सप्टेंबर

मोरिता आजींशी व्हिडिओवर बोलणं झालं. मदिहा मधे बसून इकडचं तिकडं करते. आजी एवढ्याशा, चिमणीसारख्या, केस पांढरेशुभ्र. दिवसा त्या गावातल्या वृद्धसदनात जातात, तिथूनच बोलत होत्या. मला पहिला प्रश्न विचारला, “तुम्हाला राग येतो का?”

घरात हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, येतो. रोज सकाळी पेपर दारात पडल्याचा आवाज आला की येतो.

त्या म्हणाल्या, “मला कोरा कागद बघितला की येतो.”

ठरलं. दर शनिवारी. त्या शब्द बोलणार, मी लिहून दाखवणार.

१८ ऑक्टोबर

आज मजा झाली! आजींना कुणाला तरी कळवायचं होतं की छत्री तुमच्याकडं राहिलीय. आणि छत्री लिहिता येईना. तळहातावर बोट फिरवत होत्या, थांबत होत्या, परत फिरवत होत्या. डोळ्यांत पाणी आलं. मदिहा सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात मी तिला थांबवलं. छत्री मला येत होती! मागच्याच आठवड्यात पोरीनं वीसदा काढून घेतली होती. वर मोठं छप्पर, त्याखाली चार माणसं दाटीवाटीनं, खाली मधोमध दांडा. मी फोनसमोर हात वर करून हवेत मोठी छत्री काढली. आजींनी माझ्या बोटाबरोबर आपलं बोट फिरवलं. छप्पर. एक माणूस, दोन, तीन, चार. दांडा. आणि टाळी वाजवून असं काही ओरडल्या की तिथली दोन-तीन म्हातारी माणसं धावत आली. मग तीही हवेत छत्र्या काढू लागली.

ताजबी दारातून बघत होती. म्हणाली, “चार माणसं एका छत्रीखाली म्हणजे रिक्षाच की.”

२७ ऑक्टोबर

हे नीट लिहून ठेवतो.

दुपारी खाटेवर पडलो होतो. समोरच्या फळीवर ताजबीचे डबे. एका डब्यावर मीच कधीतरी रंगानं नाव घातलंय. काय आहे म्हणून बघत होतो आणि बोट आपोआप मांडीवर फिरायला लागलं, जपानी झाड काढावं तसं. वळसा, उभी रेघ, शेजारी आणखी एक उभी रेघ, वर एक टोपी. आणि हातानं सांगितलं: पो. मग हे. पोहे.

डोळ्यांना तो डबा अजूनही मुंग्यांचाच दिसत होता. पण पोहे होते!

ओरडलो असेन. ताजबी पळत आली. मी म्हटलं, “पोहे!” ती म्हणाली, “आत्ता तर जेवलाय.” मी परत म्हटलं, “पोहे गं, पोहे!” तेव्हा तिनं डब्याकडं बघितलं, माझ्या बोटाकडं बघितलं, आणि शेजारचा डबा उचलून माझ्यासमोर धरला.

संध्याकाळपर्यंत सगळी फळी वाचली. तूरडाळ अवघड गेली. मदिहा आल्यावर तिला सगळं वाचून दाखवलं तर ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सर्दी झालीय म्हणाली.

२२ नोव्हेंबर

आज आजींनी ब्रशनं कागदावर दोनच अक्षरं काढून माझ्यासमोर धरली. ओळखा म्हणे. पहिलं मांडीवर काढून बघितलं: चौकोन, आत दोन पाय. चार. दुसरं: शिडीसारखा चंद्र, म्हणजे महिना. चौथा महिना! एप्रिल. मी सांगितल्यावर त्या फार खूश झाल्या. मग मदिहाकडं बोट केलं, कागदाकडं केलं, आणि आपल्या शेजारची खुर्ची थोपटली.

मी पोरीला विचारलं, “काय म्हणतात?”

“एप्रिलमध्ये तिकडं फुलं येतात म्हणतात.”

“मग खुर्ची कशाला थोपटतात?”

“फुलं बसून बघतात, नाना.”

असेल.

२४ नोव्हेंबर

नसेल. मला चैन पडेना. उठून शाहूपुरीला गेलो, एकटाच. मॅडमना सरळ विचारलं, “एप्रिलमध्ये काय आहे?”

त्या भोळेपणानं बोलून गेल्या. “मदिहाची जागा एप्रिलपर्यंतच धरून ठेवलीय ना त्यांनी. मोरिता आजी जातात त्याच सदनात. ऑक्टोबरलाच जायची होती, तिनं पुढं ढकललं. या महिनाअखेर कळवायचंय.” मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली.

म्हणजे पोरगी पास झालेली! चांगली पहिल्या फटक्यात.

वाटेत विचार करून करून डोकं दुखलं. एवढं मिळालेलं काम कोण सोडतं? घरी पोचेपर्यंत कोडं सुटलं होतं. ताजबीचे गुडघे. गेल्या पावसाळ्यापासून ती जिन्यावर कण्हते. पोरगी तिच्यासाठी थांबलीय, आणि नानीला अपराधी वाटू नये म्हणून नापास झाल्याचं सोंग केलं. इतकी मायाळू पोर.

रात्रीची वाट न बघता जेवायच्या आधीच दोघींना समोर बसवलं. “मला सगळं कळलंय. मदिहा, तू कुणासाठी थांबलीस ते मला माहीत आहे.”

दोघी पांढऱ्या पडल्या.

“नानीच्या गुडघ्यांसाठी.”

ताजबीनं मदिहाकडं बघितलं. मदिहानं ताजबीकडं. मग ताजबी माझ्याकडं वळून म्हणाली, “व्हय. माझ्या गुडघ्यांसाठीच.”

“मग माझ्याकडून एवढा अभ्यास कशाला करून घेतलास?”

“पुढची परीक्षा असते ना, नाना,” मदिहा म्हणाली. पुढचा विचार करणारी पोरगी आहे.

२६ नोव्हेंबर

ताजबीला सकाळ-संध्याकाळ जिना चढायला लावतोय. “माझे गुडघे, आणि तालीम तुमची,” अशी कुरकुर करते, पण चढते. तेलाची मालिशही मीच करतो. डॉक्टर उदयसिंहांना फोन करून तिच्यासाठी व्यायाम विचारला. ते आधी चकित झाले, मग बराच वेळ हसले. हल्लीचे डॉक्टर.

२८ नोव्हेंबर

मदिहा काही केल्या जायला हो म्हणत नव्हती. “नानीच्या गोळ्या कोण बघणार? सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली? चुकीची दिली तर?”

“मी बघणार.”

“कसं?”

“आण सगळ्या.”

तिनं सगळा ढीग पुढं ओतला. ताजबीच्या थोड्या, माझ्या जास्त. पाकिटांवरची बारीक इंग्रजी छपाई बोटालाही झेपेना. पण मदिहानंच पूर्वी प्रत्येक पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. एकेक पाकीट उचललं आणि मांडीवर बोट फिरवत वाचलं. ‘सकाळी, चहाआधी.’ ‘जेवणानंतर.’ ‘नाना, ही विसरू नका.’ एका ठिकाणी अडलो, परत सुरुवात केली. ‘रात्री’ लागलं. ते वाचून झाल्यावर मी पाकीट तिच्यासमोर धरलं आणि म्हटलं, “रात्रीतली वेलांटी पहिली नव्हे, दुसरी.”

पोरगी एकदम माझ्या गळ्यात पडली. लहानपणी पडायची तशी. हसत होती की रडत होती कळेना. ताजबी म्हणाली, “आता तरी कळव बाई त्या लोकांना. न्हायतर हे मला जिना चढवून मारतील.”

मॅडमना फोन गेला.

६ डिसेंबर

आज कृष्णातला पेपर वाचून दाखवला. खराखुरा. बोट मांडीवर न ठेवता सरळ पेपरवर फिरवलं, लपवायचं कशाला? दोन बातम्यांना चहाचे तीन ग्लास लागले. शेवटी कृष्णात म्हणाला, “बातम्या पयल्यापेक्षा बेकार हायत. तू मनानं सांगायचास त्या बऱ्या हुत्या.”

म्हणजे याला माहीत होतं!

“कधीपासून?”

“पेपर उलटा धरला हुतास तवापासनं. तुझं तुझं चाललं हुतं, म्हनलं चालू दे.”

मी त्याला पोटभर शिव्या दिल्या. त्यानंही दिल्या. चहाचे पैसे त्यानं दिले.

२१ मार्च

ईद. सबिना आणि जावई गारगोटीहून आले. घर भरलं. शिरखुर्मा दोनदा करावा लागला. दुपारी सगळे मिळून मोरिता आजींशी बोललो. त्यांनी एक कागद दाखवला. स्वतः लिहिलेलं पत्र, सबंध पानभर, न अडता नव्हे, पण पूर्ण. जिथं हात थांबला तिथं माझा हात आठवला म्हणाल्या. माझ्या हाताला एवढी इज्जत आजवर कुणी दिली नव्हती. नोकरीत असताना संपादकही देत नव्हता.

६ एप्रिल

मदिहाला पोचवून आलो. सबिना आणि जावई तिच्याबरोबर मुंबईपर्यंत गेलेत. एस. टी. स्टँडवर गाडी हलेपर्यंत ती ताजबीला बजावत होती, “नानी, नानांना…” आणि मग माझ्याकडं बघून, “नाना, नानीचे गुडघे.” मी म्हटलं, “तू निश्चिंत जा.” गाडी वळली. ताजबी बाकावर बसून डोळे पुसत राहिली. मी फलाटाच्या कडेला उभा होतो, काय करावं ते न कळून.

तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई समोर आली. “ओ पावणं, ही गाडी गारगोटीला जाती का बघा की. माझा चष्मा घरातच ऱ्हायलाय.”

जुलैपासून असं कुणी विचारलं की मी ‘मला माहीत नाही’ म्हणून पुढं निघायचो. आज पाय हलला नाही. गाडीच्या कपाळावरची पाटी बघितली. मुंग्या. उजवा हात वर केला आणि भर गर्दीत हवेत बोट फिरवायला लागलो. ह, काना. त. हात. पुढं क, मग तो वाकडा ण, वर टिंब. तिथं पाटी संपल्यासारखी वाटली, पण मला आता माझं डोकं ठाऊक आहे. मान उजवीकडं वळवली आणि राहिलेलं सापडलं. गले.

आजूबाजूला माणसं थांबली होती. एक पोरगेला कंडक्टर म्हणाला, “आजोबा, हवेत काय लिवताय?”

“लिहीत नाही. वाचतोय,” मी म्हटलं आणि बाईकडं वळलो. “मावशी, ही हातकणंगले. थांबा, पलीकडची बघतो.”

पलीकडची सोपी गेली. गा. र. गो. टी.

“ही तुमची. बसा.”

“नक्की?”

“नक्की.”

ती चढली. खिडकीतून डोकं काढून म्हणाली, “चुकलासा तर परत यून भांडीन बघा!” मी थोडा घाबरलो. मग त्या गाडीचा कंडक्टर दारात उभा राहिला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला, “गारगोटीऽ, गारगोटीऽ, गारगोटी!”

मी टाळीच वाजवली. ताजबी डोळे पुसता पुसता हसायला लागली आणि हसता हसता तिला ठसका लागला. मग आम्ही बाहेरच्या रसवंतीत गेलो आणि आलं-लिंबू घालून उसाचा रस घेतला. मोठे ग्लास. दोन-दोन.